दहा वर्षांचा अनुभव, चार पानांचा रिझ्युमे आणि एकही फोन नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१४ला बीकॉम झालात, मग वाशीतल्या एका कस्टम्स ब्रोकर फर्ममध्ये (आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या) जवळपास सात वर्षं काम केलंत. मुलीच्या जन्मानंतर मार्च २०२१पासून दीड वर्ष घरी होतात, परत आल्यावर चार महिन्यांतच सोडलेली एक नोकरी झाली, आणि २०२३पासून बेलापूरच्या एका फ्रेट फॉरवर्डिंग (मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या) कंपनीत आहात. राहायला कळव्याला. आता एखाद्या उत्पादक कंपनीच्या इम्पोर्ट विभागात किंवा ऐरोलीतल्या मोठ्या लॉजिस्टिक्स कंपनीत जायचंय. पोर्टलवर रोज अर्ज टाकता, पण फोन येत नाहीत. आले तर डेटा एंट्रीच्या जागांसाठी येतात. म्हणून विचारलंय की फॉरमॅट कुठला घ्यावा, गॅप कसा लपवावा आणि सगळं एका पानात बसवावं का.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांसाठी माणसं निवडायचं काम बरीच वर्षं करते. वागळे इस्टेटपासून महापे, तुर्भे, तळोज्यापर्यंत. लॉजिस्टिक्स आणि इम्पोर्ट-एक्स्पोर्टच्या जागा आमच्याकडे सतत असतात, त्यामुळे तुमच्यासारखे रिझ्युमे माझ्यासमोर रोज येतात. नावं झाकून तुम्ही जो रिझ्युमे दिलात तो वाचला. फॉरमॅट बदलून काही होणार नाही, असं माझं मत झालं.

अडचण अशी आहे की हा रिझ्युमे २०१४ साली कॉलेजातून बाहेर पडताना बनवलेला आहे आणि त्यानंतर प्रत्येक नोकरी त्याला खालून चिकटवत गेलात. पहिल्या पानावर 'आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीस हातभार लावणे' हे उद्दिष्ट आहे. त्याखाली दहावी, बारावी, बीकॉमच्या टक्केवारीचा तक्ता, मग एमएससीआयटी, टायपिंग, छंद. काम सुरू होतं दुसऱ्या पानावर. आणि तुम्ही जी-कार्डधारक (ब्रोकरच्या वतीने कस्टम्समध्ये काम करायचं ओळखपत्र असलेल्या) आहात ही गोष्ट चौथ्या पानावर 'इतर माहिती'त, पासपोर्ट नंबरच्या खाली! कस्टम्सची परीक्षा पास झाल्याशिवाय जी-कार्ड मिळत नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. ज्या कागदामुळे तुम्ही डेटा एंट्रीच्या रांगेतून बाहेर पडता तोच कागद तुम्ही तळाशी ठेवलाय. चौथ्या पानापर्यंत मीसुद्धा फक्त तुम्ही प्रश्न विचारलात म्हणून पोचले.

आधी हे सांगते की सगळ्यांना एकच सल्ला लागू होत नाही. सरकारी किंवा निमसरकारी जागांना रिझ्युमेपेक्षा त्यांचा अर्ज महत्त्वाचा. तिथे जे विचारलंय ते आणि तेवढंच भरायचं, टक्केवारीसकट. आखाती देशांतल्या नोकऱ्यांसाठी फोटो, जन्मतारीख, पासपोर्टची मुदत मागतात, तिथे ती द्यावीच लागते. पुढचं सगळं मी खासगी कंपन्या आणि आपल्याच भागातली नोकरी धरून लिहितेय.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट फार सोयीची आहे, जी बहुतेकांना मिळत नाही. तुम्हाला ब्रोकरच्या बाजूची खुर्ची सोडून पार्टीच्या, म्हणजे माल मागवणाऱ्या ग्राहक कंपनीच्या, बाजूच्या खुर्चीत जायचंय. म्हणजे तुमचा रिझ्युमे जो माणूस वाचणार, त्याच्याशी तुम्ही दहा वर्षं फोनवर बोलताय. पार्टीचा इम्पोर्ट मॅनेजर. 'मॅडम, डीओ झाला का? गाडी कधी लागणार? क्वेरी कसली आली परत?' हेच विचारणारा. (डीओ म्हणजे शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर, क्वेरी म्हणजे कस्टम्सने काढलेली शंका.) अनोळखी एचआरला काय आवडेल याचा विचार करत बसण्यापेक्षा या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहायला बसा.

त्याची ब्रोकरबद्दल तक्रार काय असते, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकलंय. कागदातली चूक जहाज लागल्यावर सांगतात. २०२१पासून नियम असा आहे की जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टम्सकडचं घोषणापत्र) भरलेली हवी. उशीर झाला तर पहिले ३ दिवस रोजचे ५,००० रुपये आणि पुढे रोजचे १०,००० असा भुर्दंड बसतो. कंटेनर अडकला की शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर वेळेत परत न केल्याचा आकार) वेगळं. टॅरिफ हेडिंग, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा कोड, चुकलं तर ड्युटीचा फरक व्याजासकट भरायचा. मूळ देशाचा दाखला सप्टेंबर २०२०पासून लागू झालेल्या नियमांनुसार नीट नसेल तर एफटीएची (मुक्त व्यापार कराराची) सवलत हातची जाते. या प्रत्येक तक्रारीसमोर तुम्ही काय करत होतात, हे तुमच्या रिझ्युमेत आलं की तो मॅनेजर तुम्हाला बोलावेल. ही बाई आपल्या बाजूला बसली तर आपला ब्रोकर आपल्याला गुंडाळू शकणार नाही, एवढं त्याच्या लक्षात यायला हवं.

आता तुमच्या रिझ्युमेतली ओळ बघू. 'रिस्पॉन्सिबल फॉर इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन अँड कस्टम्स क्लिअरन्स.' ही ओळ तुमच्या जागी कालच रुजू झालेला मुलगाही लिहू शकतो, कारण हे त्या जागेचं वर्णन आहे. अपॉइंटमेंट लेटरमध्ये असतं तसं. त्या जागेवर बसून तुम्ही काय सांभाळलंत ते त्यात कुठे नाही. रिझ्युमे अर्थात इंग्रजीतच लिहायचा, पण इथे मथितार्थ मराठीत सांगते. ('जॉब' म्हणजे एक शिपमेंट, 'आउट ऑफ चार्ज' म्हणजे माल सोडायची कस्टम्सची परवानगी, 'फेसलेस असेसमेंट' म्हणजे अधिकाऱ्यासमोर न जाता होणारी ऑनलाइन तपासणी.) आकडे माझ्या मनाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला:

'न्हावा शेवा आणि सहार एअर कार्गो इथल्या आयातीचे दरमहा ६० ते ७० जॉब; चेकलिस्टपासून आउट ऑफ चार्जपर्यंत स्वतः. माल मुख्यतः औद्योगिक रसायनं आणि मशिनरीचे भाग.'

'फेसलेस असेसमेंटमधल्या क्वेरींची उत्तरं स्वतः तयार केली. वर्गीकरण आणि मूल्यांकनाच्या क्वेरी यात सर्वाधिक.'

'सहा नियमित आयातदारांसाठी एकमेव संपर्क. जहाजाची तारीख कळल्यापासून गाडी कारखान्यात पोचेपर्यंत.'

या तीन ओळींत एकही विशेषण नाही. तरी वाचणाऱ्याला चार गोष्टी कळल्या: कामाचा आवाका, मालाचा प्रकार, किती अवघड भाग तुमच्याकडे होता आणि पार्टीशी कोण बोलायचं. रसायनं आयात करणारी महाप्याची कंपनी 'औद्योगिक रसायनं' या दोन शब्दांवर थांबते. ज्याच्याकडे फक्त गारमेंटचा माल येतो तो कदाचित पुढे जाईल, आणि तेही ठीकच. तिथे तुमचा अर्ज तसाही जुळला नसता.

तुम्ही लिहिलंय की 'माझ्या कामात आकडे नसतात, ते सेल्सवाल्यांचं असतं.' असं मला दहातले आठ जण सांगतात. अकाउंट्सवाले सांगतात, स्टोअर्सवाले सांगतात, क्वालिटीवाले सांगतात. आकडे असतात, आपण ते कधी मोजलेले नसतात, कारण रोजच्या कामाकडे कुणी मोजायला म्हणून बघत नाही. तुमच्या फर्ममध्ये प्रत्येक शिपमेंटला जॉब नंबर पडतो ना? मग महिन्याला तुमच्या नावावर किती पडायचे, ते आठवेल. मार्च अखेरीस किती, पावसाळ्यात किती. किती पार्ट्या होत्या. किती सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डांत) तुमचा माल असायचा. समुद्रमार्गे किती आणि हवाई किती. हाताखाली किती मुलं होती, त्यांतल्या किती जणांना तुम्ही कामाला लावलंत. नेमका आकडा नसेल तर 'साधारण' म्हणा आणि पल्ला द्या. पण मुलाखतीत 'हा आकडा कसा काढलात?' असं विचारलं तर दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, इतपतच लिहा.

इथे एक इशारा. इंटरनेटवर सगळीकडे 'टक्केवारी लिहा' असं सांगतात, म्हणून हल्ली प्रत्येक रिझ्युमेत 'खर्चात ३० टक्के कपात' असते. मी समोरच्याला विचारते, कशाच्या ३० टक्के? आधी किती होता? किती महिन्यांत? बहुतेकांची गाडी तिथेच रुतते. 'डिटेन्शन ३० टक्क्यांनी कमी केलं' यापेक्षा 'दर सोमवारी येणाऱ्या जहाजांची यादी करून कागद आधी मागवायला सुरुवात केली, त्यानंतर या पार्टीला डिटेन्शन लागलं नाही' हे मला कितीतरी जास्त पटतं. त्यात टक्का नाही, पण तुम्ही नेमकं काय केलंत ते आहे.

आकड्यांपलीकडे आणखी एक खाण आहे: ज्या वेळी नियम बदलले, त्या वेळी तुम्ही कुठे होतात? १ जुलै २०१७ला जीएसटी आला, सीव्हीडी आणि एसएडी या आयातीवरच्या जादा करांच्या जागी आयजीएसटी आला, आणि पहिले काही आठवडे सगळ्यांचीच धांदल होती. २०२०मध्ये फेसलेस असेसमेंट आलं. खिडकीपाशी जाऊन साहेबांना समजावण्याची सोय गेली आणि सगळं लेखी उत्तरावर आलं. नियम बदलल्यावर तुमच्या फर्ममध्ये परिपत्रक वाचून बाकीच्यांना कोण सांगायचं? ते काम तुम्ही केलं असेल तर ती ओळ पहिल्या पानावर हवी. नवख्या उमेदवाराकडे हे असूच शकत नाही. दहा वर्षांच्या अनुभवाचा अर्थ इथे कळतो.

हे लिहायला आपली माणसं का कचरतात, तेही मला ठाऊक आहे. 'स्वतःची टिमकी कशाला वाजवायची, काम बोलेल.' काम बोलतं, पण ज्यांनी ते पाहिलंय त्यांच्याशी. ऐरोलीतल्या कंपनीने ते पाहिलेलं नाही. तुमच्या मसुद्यात 'आमच्या टीमने', 'सिनियरच्या मार्गदर्शनाखाली' असं इतक्यांदा आलंय की तुम्ही स्वतः त्यात कुठे सापडतच नाही. टीमचं श्रेय लाटू नका. पण जो भाग तुमचा होता तो तुमचा म्हणून सांगा. एक सोपी युक्ती म्हणून स्वतःला विचारा: मी दोन दिवस रजेवर गेले की ऑफिसातून मला फोन कशासाठी यायचे? ज्या गोष्टींसाठी यायचे, त्याच तुमच्या रिझ्युमेतल्या पहिल्या चार ओळी.

हे सगळं जमवताना कंपनीच्या फायली, पार्टीच्या इनव्हॉइस किंवा मेल घरी पाठवू नका. पार्टीचं नाव आणि मालाची किंमतही रिझ्युमेत नको. 'रसायन क्षेत्रातली मोठी उत्पादक कंपनी' एवढं पुरतं. जो माणूस जुन्या मालकाची माहिती अर्जातच उघड करतो त्याला इम्पोर्ट विभागात घ्यायला कुणीही दोनदा विचार करतो. तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये ग्राहकाकडे नोकरी धरण्याबद्दल एखादं कलम आहे का, तेही बघून ठेवा. तुमच्या कामात पार्टीकडून बोलावणं येण्याची शक्यता बरीच असते.

आता मांडणी. सगळ्यात वर नाव, मोबाइल, ईमेल आणि 'कळवा, ठाणे'. इमारत, चाळ, मारुती मंदिरासमोर वगैरे पूर्ण पत्ता नको. पण कुठे काम चालेल ते लिहा, कारण या भागात भरती करताना आम्ही ते बघतोच. कळव्याहून ठाणे गाठून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, रबाळे, घणसोली जमतं. तेच उरणला किंवा तळोज्याच्या आतल्या भागात कंपनीची बस नसेल तर चार महिन्यांत माणूस थकून सोडतो, हे कंपन्यांनी अनुभवलेलं असतं. 'ठाणे, ऐरोली ते बेलापूर' एवढं लिहिलंत की एक शंका कमी होते.

त्याखाली उद्दिष्टाच्या जागी तीन-चार ओळींचा सारांश. तुमचा साधारण असा होईल: 'आयात क्लिअरन्समधला १० वर्षांचा अनुभव, न्हावा शेवा आणि सहार. कस्टम्स जी-कार्डधारक. रसायनं आणि मशिनरी. वर्गीकरण, क्वेरीची उत्तरं, एफटीए दाखल्यांची तपासणी, अ‍ॅडव्हान्स ऑथोरायझेशनखालची आयात. आता उत्पादक कंपनीच्या इम्पोर्ट विभागात काम करण्याची इच्छा.' (अ‍ॅडव्हान्स ऑथोरायझेशन म्हणजे निर्यातीच्या मालासाठी लागणारा कच्चा माल ड्युटीशिवाय आणायचा परवाना.) यातलं जे तुम्ही केलं नसेल ते काढा. शेवटची ओळ जरूर ठेवा. ब्रोकरकडचा माणूस कंपनीकडे अर्ज करतो तेव्हा तो चुकून आलाय की मुद्दाम, हे त्यावरून कळतं.

मग नोकऱ्या, आत्ताची सर्वांत वर. प्रत्येक फर्मच्या नावाखाली ती काय करते याची एक ओळ द्या. वाशीतल्या वीस माणसांच्या ब्रोकर फर्मचं नाव ऐरोलीतल्या एचआरला माहीत असायचं कारण नाही. हुद्दा अधिकृत आहे तोच लिहा. तुमचा 'एक्झिक्युटिव्ह – ऑपरेशन्स' आहे, त्यातून काहीच कळत नाही हे मान्य. त्याच्यापुढे 'आयात क्लिअरन्स' जोडा. पण स्वतःहून 'मॅनेजर' होऊ नका. पडताळणी करणाऱ्या संस्था जुन्या कंपनीला हुद्दा आणि तारखा विचारतात, आणि हाती आलेली ऑफर तिथे गेलेली मी पाहिली आहे.

शिक्षण शेवटी, दोन ओळींत. बीकॉम, मुंबई विद्यापीठ, २०१४, आणि इम्पोर्ट-एक्स्पोर्टचा डिप्लोमा. दहावी-बारावी काढून टाका. काही मोठ्या कंपन्या सगळीकडे ६० टक्के वगैरे अट ठेवतात, पण ते त्या त्यांच्या फॉर्ममध्ये विचारतात. तेव्हा खरं ते भरा. एमएससीआयटी आणि टायपिंगही जाऊ द्या. दहा वर्षं आइसगेटवर (कस्टम्सच्या ऑनलाइन पोर्टलवर) बिलं भरणारीला कीबोर्ड येतो हे सांगावं लागत नाही. एक्सेल मात्र नेमकं सांगा: पिव्होट, व्हीलूकअप येतं की नाही. एसएपी वापरलं नसेल तर लिहू नका. उत्पादक कंपन्या ते मागतात हे खरं, पण ते शिकता येतं आणि खोटं लिहिलेलं पहिल्याच प्रश्नात उघडं पडतं.

वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, फोटो, छंद, 'वरील माहिती खरी आहे'चं निवेदन आणि खाली सही, हे सगळं काढा. आधार आणि पॅन नंबर तर कधीच नको. रिझ्युमे किती हातांतून जातो याचा पत्ता नसतो. जाता जाता: नोकरी लावतो म्हणून जो तुमच्याकडे रजिस्ट्रेशनचे पैसे मागतो त्याच्यापासून दूर राहा. आमचा मोबदला कंपनी देते.

नावाबद्दल थोडं, कारण हे आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत फार होतं. पदवी माहेरच्या नावाने, पीएफ सासरच्या, ईमेल तिसऱ्याच. रिझ्युमेवर पॅन आणि आधारवर आहे तेच नाव घाला आणि ईमेल त्याला जुळणारा नवीन काढा. नावबदलाचा कागद, विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र, आत्ताच शोधून ठेवा. ऑफर आल्यावर पडताळणीत याच एका गोष्टीवर पंधरवडा जातो.

गॅपचं. लपवू नका, आणि लपतही नाही. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच असल्यामुळे तुमचा पीएफ कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत भरला गेला ते सर्व्हिस हिस्टरीत दिसतं, आणि बऱ्याच कंपन्या ती मागतात. नोकऱ्यांच्या क्रमातच एक ओळ टाका: 'मार्च २०२१ ते ऑगस्ट २०२२ – कौटुंबिक कारणासाठी विश्रांती.' बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, लॉकडाऊन हे स्पष्टीकरण लिहायची गरज नाही. खरं सांगायचं तर गॅपची भीती तो घेणाऱ्याला जेवढी वाटते तेवढी भरती करणाऱ्याला वाटत नाही. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: मधल्या काळात बदललेलं काम तुम्ही परत पकडलंत का, आणि आता टिकणार का. पहिलीचं उत्तर तुमची २०२३पासूनची नोकरी देते. दुसरीचंही तीच देते, कारण तिथे तुम्ही अजून आहात. काही ठिकाणी मुलाखतीत 'मुलीला कोण बघतं?' असं विचारतात. पुरुषांना हा प्रश्न येत नाही, आणि तो विचारणं मला मुळीच मान्य नाही. पण विचारलाच तर 'सोय आहे' एवढ्या दोन शब्दांत उत्तर द्या आणि कामाकडे वळा.

चार महिन्यांच्या नोकरीचं उत्तर पीएफवर अवलंबून आहे. पीएफ कापला गेला असेल तर ती दिसणारच. एका ओळीत कंपनी, हुद्दा, महिने लिहा आणि पुढे जा. कारण विचारलं तर 'सांगितलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम वेगळं निघालं' एवढंच. मालकाबद्दल चकार शब्द नाही. पीएफ नव्हता तर रिझ्युमेतून वगळली तरी चालेल. पण कंपनीच्या फॉर्ममध्ये 'आजवरच्या सर्व नोकऱ्या' असं विचारलं असेल तर तिथे भरा, कारण त्या फॉर्मवर तुमची सही असते.

पानं किती? एका पानाचा आग्रह परदेशी सल्ल्यांतून आलाय. दहा वर्षांच्या कामाला दोन पानं अगदी योग्य. एका पानात कोंबायला लोक अक्षर आठ पॉइंटचं करतात. त्यापेक्षा दोन पानं वाचलेली बरी. फक्त महत्त्वाचं सगळं पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात यावं, कारण मोबाइलवर उघडल्यावर आधी तेवढंच दिसतं.

फॉरमॅटच्या प्रश्नाला आता उत्तर देते, कारण त्याला खरंच इतकंच महत्त्व आहे. एक कॉलम, साधी अक्षरं, वर्डमध्ये. डाव्या बाजूला रंगीत पट्टी, कौशल्यांसमोर पाच ताऱ्यांतले चार, आयकॉन, तक्ते, यातलं काही नको. मोठ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर रिझ्युमेतला मजकूर उचलून रकान्यांत टाकतं; दोन कॉलम असले की बऱ्याचदा ओळी एकमेकांत मिसळतात, आणि पानाच्या हेडरमध्ये टाकलेला मोबाइल नंबर काही वेळा उचललाच जात नाही. आमच्यासमोर मग नाव असतं, अनुभव असतो, नंबर नसतो.

डेटा एंट्रीचेच फोन का येतात, याचं कारणही इथेच आहे. पोर्टलवर आम्ही रिझ्युमे एकेक वाचत जात नाही. शब्द टाकून शोधतो: 'इम्पोर्ट', 'बिल ऑफ एंट्री', 'सीएचए', 'आइसगेट', 'क्लासिफिकेशन', मग अनुभवाची वर्षं, ठिकाण, नोटीस पीरियड लावून यादी लहान करतो. तुमच्या प्रोफाइलच्या कौशल्यांत 'एमएस ऑफिस, टायपिंग, डॉक्युमेंटेशन, टॅली' आहे. म्हणजे शोधणाऱ्याला तुम्ही जिथे सापडायला हव्यात तिथे सापडतच नाही. धंद्यातले शब्द घाला आणि एकाच गोष्टीची दोन नावं असतील तर दोन्ही घाला, म्हणजे 'कस्टम्स ब्रोकर'ही आणि त्याचं जुनं नाव 'सीएचए' (कस्टम हाउस एजंट) हेही. कोण 'सीएचए' टाकून शोधेल सांगता येत नाही. जुना शब्द कुणाच्या तोंडातून गेलेला नाही. प्रोफाइल आठवड्यातून एकदा उघडून काहीतरी किरकोळ बदल करून जतन करा, कारण गेल्या काही दिवसांत सक्रिय असलेले उमेदवार वेगळे काढायची सोय आम्हाला असते. नोटीस पीरियड ३० दिवसांचा असेल तर तो ठळक लिहा. ९० दिवसांच्या माणसासाठी थांबायला बऱ्याच कंपन्या तयार नसतात. आत्ताचा आणि अपेक्षित पगार पोर्टलच्या रकान्यात भरा, रिझ्युमेत नको.

रिझ्युमे किती बनवायचे? तुमच्यासाठी दोन. उत्पादक कंपनीसाठी एक: त्यात ड्युटीचा अंदाज, परवाने, एफटीए, ब्रोकरच्या बिलांची तपासणी हे वर. ऐरोलीतल्या लॉजिस्टिक्स कंपनीसाठी दुसरा: त्यात जॉबची संख्या, पार्ट्या सांभाळणं, हाताखालची टीम हे वर. माहिती तीच, क्रम वेगळा. हवाई मालाचा तुमचा अनुभव दोन्हींत नीट दिसू द्या. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५पासून विमानं सुरू झाली आहेत, आणि सहारला काम केलेली पण राहायला या बाजूला असलेली माणसं इथल्या कंपन्यांना उपयोगी पडतील असं मला वाटतं.

इंग्रजीची धास्ती तुम्ही लिहिली आहे, मराठी माध्यमाची. रिझ्युमेच्या इंग्रजीत पूर्ण वाक्यं लागतच नाहीत. क्रियापदाने सुरुवात, मग काय, किती, कुठे. 'हँडल्ड', 'प्रिपेअर्ड', 'चेक्ड', 'ट्रेन्ड' एवढ्या चार शब्दांवर अर्धा रिझ्युमे निघतो. चॅटजीपीटीकडून व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही. सगळंच लिहून घेतलंत तर 'रिझल्ट-ओरिएंटेड, डायनॅमिक प्रोफेशनल' येईल, आणि तसे रिझ्युमे सध्या एका दिवसात इतके येतात की नाव बदललं तर ओळखू येणार नाहीत.

मसुदा झाला की नवऱ्याला किंवा मैत्रिणीला दाखवू नका. ते 'छान आहे' म्हणतील. ज्या पार्टीची नोकरी तुम्हाला नकोय, पण जिथल्या इम्पोर्टवाल्याशी तुमचं चांगलं जमतं, अशा एखाद्याला पीडीएफ पाठवा आणि फक्त पहिलं पान वाचायला सांगा. बातमी तुमच्या ऑफिसात पोचणार नाही असा माणूस निवडा. वाचून त्याने 'क्वेरीची उत्तरं तुम्हीच लिहायचात का? मग आमची ती केस कशी सोडवली असती?' असं विचारलं, तर तसाच पाठवायला लागा. त्याने 'म्हणजे तुम्ही नेमकं काय बघायचात?' असं विचारलं, तर वरचं अर्धं पान पुन्हा लिहा आणि तो दुसरा मसुदा मला इथेच टाका, बघते.